रुग्णवाहिका येईपर्यंत

मूल अचानक निळे पडते, भाजते, पाण्यात पडते किंवा आकडी येऊन ताठ होते, तेव्हा घरात बहुधा अम्मी असते, दादी असते, शाळेतून आलेली मोठी बहीण असते. डॉक्टर तिथे नसतो. तो भेटेपर्यंत पंधरा मिनिटे जातात, गावात तासही जातो. या वेळात मुलाजवळ जो माणूस असतो त्याच्या हातावर बरेच काही अवलंबून असते. म्हणून हा विषय आम्ही वाचक भगिनींपुढे आणि बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही पेशाने शिक्षक. पालकसभेत एकदा सहज विचारले, "मूल भाजले तर आपण पहिल्यांदा काय करता?" उत्तरे भराभर आली. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, अंड्याचा बलक, बर्फ. साधे नळाचे पाणी म्हणणाऱ्या माता दोन-तीनच निघाल्या. यात त्या मातांचा काय दोष? ज्यांनी त्यांना हे शिकवायचे ते आपण सर्वच कमी पडलो. कलमा, नमाज, वजू मुलांना किती काळजीने शिकवतो! जीव वाचवण्याच्या चार गोष्टी मात्र कोणीच कोणाला शिकवीत नाही.

मूल गंभीर आहे हे ओळखावे कसे?

मोठ्या माणसाचे हृदय अनेकदा हृदयाच्याच आजाराने एकाएकी बंद पडते. मुलांचे सहसा तसे होत नाही. आधी श्वास बिघडतो किंवा शरीरातले पाणी, रक्त कमी होते, मूल थकत जाते आणि शेवटी हृदय थांबते. म्हणजे मूल आपल्याला इशारा देत असते. तो वेळेत वाचता आला पाहिजे.

पाच वर्षांखालील आजारी मुलात चार खुणा धोक्याच्या मानतात. मूल काहीच पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही. पोटात गेलेले सगळे उलटून टाकते. त्याला आकडी येते. ते सुस्त पडून राहते, हाक मारली तरी नीट जागे होत नाही. यांतली एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट श्वास. मूल शांत असताना त्याचा सदरा वर करून घड्याळ समोर ठेवावे आणि पूर्ण एक मिनिट पोट-छाती किती वेळा वर येते ते मोजावे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास मोजले गेले तर तो जलद श्वास समजावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर तडक मोठ्या दवाखान्यात जावे. आशाताई आणि परिचारिकाही न्यूमोनिया ओळखताना असेच श्वास मोजतात.

तिसरी गोष्ट हातपाय. अंग गरम आणि हातपाय बर्फासारखे थंड असतील तर मुलाचे नख दाबून पांढरे करावे आणि सोडावे. तीन सेकंदांतही लाली परतली नाही तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप येणे, त्याचे अंग गार पडणे किंवा त्याने दूध सोडणे, यांपैकी काहीही घरी ठेवण्यासारखे नसते.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर आधी कागद पाहत नाहीत. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्ताभिसरण ठीक आहे का, मूल शुद्धीवर आहे का, आकडी चालू आहे का, पाणी कमी झाले आहे का, या क्रमाने ते बघतात. जागतिक आरोग्य संघटनेने हाच क्रम जगभरच्या लहान दवाखान्यांना शिकवला आहे. यांत गडबड असलेले मूल रांगेत थांबत नाही. आपणही केसपेपरच्या रांगेत मुकाट्याने उभे राहू नये. "बाळाला श्वास लागला आहे", "बाळ जागे होत नाही" असे मोठ्याने आणि स्पष्ट सांगावे.

घशात काही अडकले तर

रमजानच्या दिवसांत इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर, फुटाणे, शेंगदाणे, द्राक्षे सगळे हाताशी असते आणि रांगणारे मूल मुठीत येईल ते तोंडात घालते. खजुराची बी, शेंगदाणा, बोराची बी, फुग्याचा तुकडा, सुपारीचे खांड, एवढ्याशा वस्तूने श्वास बंद होऊ शकतो. चार वर्षांखालील मुलाला अख्खे दाणे-फुटाणे देऊच नयेत. द्राक्ष उभे चिरून, खजूर बी काढून आणि बारीक करून द्यावा.

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर हवा जात आहे. त्याला खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल, चेहरा निळा पडत असेल तर हात चालवावा लागतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवावे आणि जबड्याला आधार द्यावा. तळहाताच्या मनगटाकडील भागाने दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा द्याव्यात. नाही निघाले तर बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच दाब. इतक्या लहान बाळाचे पोट दाबू नये, आतल्या अवयवांना इजा होते.

एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा द्याव्यात. मग मागून मिठी घालावी, एक मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवावी, दुसऱ्या हाताने ती धरावी आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. हेन्री हाइम्लिख या अमेरिकन डॉक्टरने ही झटक्यांची पद्धत १९७४ मध्ये मांडली.

वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट घालून चाचपडू नये. ती आणखी खोल जाते. मुलाला पाय धरून उलटे लटकवूही नये, पाणीही पाजू नये. मूल बेशुद्ध झाले तर पुढे सांगितल्याप्रमाणे छाती दाबायला सुरुवात करावी.

श्वास थांबला तर

मुलाला हाक मारून, तळपायावर टिचकी मारून पाहावे. ते हलत नसेल आणि श्वास घेत नसेल, किंवा मधूनच एखादा आचका देत असेल, तर ओरडून माणसे बोलवावीत. एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवावा. दुसऱ्याने लगेच काम सुरू करावे. मुलाला कठीण जमिनीवर ठेवावे, गादीवर नको. छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली दाबायचे. लहान बाळाची छाती दोन्ही हातांत धरून दोन अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या मनगटाकडील भागाने दाबावी. मोठ्या मुलाला एका किंवा दोन्ही हातांनी दाबावे. छाती तिच्या जाडीच्या एक-तृतीयांश इतकी खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक वेळी पुरती वर आली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०.

तीस वेळा दाबल्यावर डोके किंचित मागे आणि हनुवटी वर करून दोन श्वास द्यावेत. बाळाच्या बाबतीत त्याचे तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकावे. मोठ्या मुलाचे नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा. फुंकर छाती वर उचलेल इतकीच असावी. पुन्हा तीस आणि दोन. मदत येईपर्यंत किंवा मूल हालचाल करेपर्यंत थांबायचे नाही. आपण एकटेच असू आणि हाताशी फोन नसेल तर आधी दोन मिनिटे हे करावे आणि मग फोनकडे धावावे. मुलाला बहुधा हवेअभावीच हे झालेले असते, म्हणून त्याच्यासाठी तोंडाने दिलेला श्वास फार मोलाचा असतो.

बंद छातीवर दाब देऊन रक्त फिरते ठेवता येते, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी १९६० मध्ये जगासमोर मांडले. तेव्हा त्यांनीच लिहिले होते की यासाठी फक्त दोन हात लागतात. ही रीत सामान्य माणसाला शिकता येण्याजोगी आहे. वाचून कल्पना येते. हाताला सवय मात्र बाहुलीवर शिकल्यानेच होते.

पाणी, आग आणि आकडी

मूल बुडायला विहीर किंवा खाडीच लागते असे नाही. वजूसाठी भरून ठेवलेली बादली, मोरीतले पिंप, मशिदीचा हौज, एवढेही पुरते. चालायला लागलेले मूल डोक्याकडून जड असते. बादलीत वाकले की त्याला स्वतःहून वर येता येत नाही. आवाजही होत नाही. पाण्यातून काढलेल्या मुलाला खांद्यावर टाकून गरगर फिरवू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास नसेल तर आधी दोन श्वास द्यावेत आणि मग छाती दाबणे सुरू करावे. बुडून सावरलेले मूल वरून ठीक दिसले तरी त्याला दवाखान्यात दाखवावेच, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

भाजण्याचे सर्वांत मोठे कारण आपल्या घरांत गरम पाणी, चहा आणि सालन. दस्तरखान जमिनीवर असते. त्याचा कोपरा बाळाने ओढला की उकळता चहा अंगावर येतो. भाजल्यावर गरम झालेले कपडे लगेच काढावेत, पण त्वचेला चिकटलेले ओढू नयेत. बांगडी, पैंजण, करगोटा, ताईताचा दोरा सूज येण्यापूर्वी उतरवावा. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावा, उरलेले अंग मात्र चादरीने उबदार ठेवावे. बर्फ नको, मलम नको, फोड फोडणे नको. नंतर स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने झाकून न्यावे. चेहरा, हात, गुप्तांग भाजले असेल किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल तर दवाखाना टाळू नये.

तापात येणारी आकडी पाहून घरचे लोक हादरतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ती बऱ्याच मुलांना येते आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, गळ्याजवळचे बटण सोडावे आणि घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे यांपैकी काहीही करू नये. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ ला फोन. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मेंदूज्वर नाही ना याची खात्री त्यांनी करायची असते.

रॉकेल, फिनेल, शौचालय साफ करण्याचे ॲसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय आजच सोडावी. मुलाने प्यायलेच तर उलटी करवू नये. तोच पदार्थ दुसऱ्यांदा घसा जाळतो, रॉकेल फुप्फुसात शिरते. बाटलीसकट दवाखाना गाठावा. खेळण्यातला गोल चपटा सेल गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू लागते. मूल हसत-खेळत असले तरी थांबू नये.

बनगाव आणि महाड

फार मोठी यंत्रे नसतानाही मुले वाचवता येतात, याचे दोन दाखले आपल्याच देशातले आहेत.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेपलीकडून आले. पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि आप्तांनाच पेल्याने पाजायला सांगितले. शंभरात तीसच्या आसपास मरणारे रुग्ण चारच्याही खाली आले. तेच आजचे ओआरएस. जुलाब होणाऱ्या मुलाला पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, बहुधा एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवून, चमच्या-चमच्याने पाजावे. स्तनपान चालू ठेवावे. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. दुकानातली गोड पेये ओआरएस नव्हेत. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का ते पाहून घ्यावे. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळू परतू लागली, मूल पिईनासे झाले तर मात्र सलाईनच लागते.

दुसरा दाखला कोकणातला, महाडचा. लाल विंचवाच्या दंशाने तिकडे मुले दगावत. घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, उलट्या व्हायच्या आणि फुप्फुसात पाणी भरून मूल गुदमरायचे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून त्यांनी हे नोंदवले. 'लॅन्सेट'मध्ये ते छापले गेले. १९८० च्या दशकात त्यांनी रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी या दंशावर वापरली. गंभीर रुग्णांत शंभरात तीस-चाळीस असणारे मृत्यू एखाद-दुसऱ्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी काम करते ती वेळेत मिळाली तर. विंचू उतरवणाऱ्याकडे गेलेले दोन तास कोणतीही गोळी परत आणून देत नाही. सापाचेही तसेच. चावा कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. मुलाला चालू न देता, चावलेला हात किंवा पाय न हलवता, प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे.

दुआ आणि दवा

आता मनातली गोष्ट. आपल्या अनेक घरांत मूल गंभीर झाले की आधी दम करवायला नेतात, पाणी फुंकून आणतात, आणि ते उतरले नाही की मग दवाखाना. काही घरांत घरचा पुरुष कामावरून येईपर्यंत अम्मी उंबरठ्यावर थांबते. "एकटी कशी जाऊ, लोक काय म्हणतील", या विचारात रात्र सरते.

दुआ ही मोमिनची ताकद आहे. तिला कोण अडवणार? पण ओठ दुआ करीत असताना हात रिकामे असतात. दुआ ओठांवर चालू ठेवून हाताने पाणी घालता येते, छाती दाबता येते, फोन लावता येतो. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर तवक्कुल करावा ही आपल्या प्यारे नबी (स.) यांची शिकवण लहान मुलांनाही ठाऊक आहे. आजार आला तर इलाज करावा, हेही त्यांनीच सांगितले. शरीअतच्या पाच मोठ्या उद्देशांत जीवाचे रक्षण, हिफ्ज-ए-नफ्स, आहे. एका जीवाला वाचवण्याची थोरवी कुरआनच्या सूरह माइदात आली आहे. आणि जरूरतीच्या वेळी बंधने सैल होतात हा फिकहचा उसूल कोणताही आलिम सांगेल. तडफडणाऱ्या बाळाला घेऊन शेजाऱ्याच्या रिक्षात बसणाऱ्या आईला कोणी बोल लावू नये. घरातल्या मोठ्यांनी, विशेषतः सासू-सासऱ्यांनी, सुनेला आधीच सांगून ठेवावे, "बेटा, असा प्रसंग आला तर कोणाला विचारत बसू नकोस. निघ."

शेजारी मागे सरकतात ते "पोलीस केस होईल" या भीतीने. ही भीतीही आता जुनी झाली. जखमीला तातडीचे उपचार देणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये दिला. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये यासाठी न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. आपले नाव सांगायचे की नाही, हेही मदत करणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

मोहल्ल्यात करता येण्याजोगे

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिच्यासाठी पैसे पडत नाहीत. नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लिहावा, सोबत घराचा पत्ता आणि जवळची ठळक खूण, जसे "जामा मशिदीच्या मागची गल्ली". घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही फोन लावून पत्ता सांगता आला पाहिजे. आम्ही वर्गात हा सराव घेतो. मुले तो खेळासारखा करतात आणि घरी जाऊन दादीलाही शिकवतात.

मशिदीच्या कमिट्यांना आमची विनंती आहे. जलसे होतात, इफ्तार पार्ट्या होतात. वर्षातून एक दिवस जमातखान्यात बाहुलीवरच्या सरावाचे प्रशिक्षण ठेवावे, सकाळी पुरुषांसाठी आणि दुपारी स्त्रियांसाठी, शिकवायला स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका. तालुक्याच्या रुग्णालयाला, वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र दिले तर शिकवणारे मिळतात. इमाम साहेबांनी एखाद्या जुम्याच्या बयानात फक्त दोन गोष्टी सांगितल्या, भाजल्यावर २० मिनिटे पाणी आणि आकडीत तोंडात काही घालू नये, तरी त्या दिवशी शेकडो घरांत त्या पोचतील.

जीवन-मृत्यू अल्लाहच्या हाती आहे, यावर आपला ईमान आहे. सगळे योग्य करूनही काही मुले हातातून जातात. अशा आईला "हे केले असते तर" म्हणून कोणी टोचू नये. तदबीर मात्र आपल्या जिम्मे सोपवलेली आहे. हा अंक वाचून झाला की दारामागे १०८ लिहावे, मोरीतली बादली पालथी घालावी, शीतपेयाच्या बाटलीतले फिनेल काढून टाकावे. तीनही कामांना मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत.